कुणीच कच्चं लिंबू नको : रामटेकला डिस्क गोल्फचा फॅमिली कोर्स उभारायचा तर…



या आठवड्याच्या व्हिडिओत डिस्क गोल्फबद्दल थोडक्यात सांगितलं. वेळ कमी पडला आणि हिशेब राहून गेला. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊनच बसा, कारण मध्ये आकडेमोड आहे.

आधी एक दृश्य डोळ्यासमोर आणा. रविवार, संध्याकाळचे चार. खिंडसी तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका झाडाखाली नागपूरहून आलेलं कुटुंब उतरलंय. गडावर दर्शन झालंय, डबा खाऊन झालाय. बाबा आणि मोठा मुलगा बॅट-बॉल काढतात. आई चटईवर बसते, आजी आईशेजारी. सहा वर्षांची धाकटी "मला पण, मला पण" करते, तिला दोन बॉल टाकायला मिळतात आणि मग ती रुसून मोबाईल मागते. चाळीस मिनिटांत आजी म्हणते, "चला आता, अंधार पडेल." गाडी निघून जाते.

पाच माणसं आली, खेळली दोन. आणि निघायचं कधी, हे ठरवलं न खेळणाऱ्या तिघांनी. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. आजचा सगळा बिझनेस या एका वाक्यात आहे.

लहानपणी आपण लगोरी, डबा ऐसपैस खेळायचो तेव्हा सगळ्यात लहान पोराला काय म्हणायचो? कच्चं लिंबू. तो पळणार, ओरडणार, पण त्याचं आउट होणं धरायचं नाही. मनोरंजनाच्या धंद्यात आपण नकळत अर्ध्या कुटुंबाला कच्चं लिंबू करतो आणि मग गल्ला का भरत नाही म्हणून डोक्याला हात लावतो.

डिस्क गोल्फ म्हणजे नेमकं काय?

गोल्फसारखाच खेळ, फक्त काठी आणि चेंडूच्या जागी फ्रिस्बीसारखी प्लास्टिकची चकती. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, चकती फेकायची. जिथे पडली तिथून पुढची फेक. शेवटी लोखंडी साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये ती पाडायची. कमीत कमी फेकींमध्ये जो पाडेल तो जिंकला. नियम संपले. पाच वर्षांच्या पोराला दोन मिनिटांत समजतात.

हा खेळ मोठा केला एड हेड्रिक नावाच्या माणसाने. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत तो काम करायचा. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स झाला. आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. त्या पहिल्या कोर्सवर बास्केट नव्हत्याच! जमिनीत रोवलेले नुसते खांब होते, त्यांना चकती लागली की झालं. मग भांडणं सुरू झाली. "लागली", "नाही लागली". ती भांडणं मिटवायला हेड्रिकने साखळ्यांची बास्केट काढली आणि १९७७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. १९७६ मध्ये त्याने खेळाडूंची संघटना काढली. तीच आज पीडीजीए म्हणून जगभर नियम ठरवते.

यातून उद्योजकाने काय घ्यायचं? आधी खेळ सुरू झाला, लोक आले, अडचण दिसली, मग साधन आलं. आपल्याकडे उलटं होतं. आधी कर्ज काढून सगळी साधनं आणतो आणि मग लोकांची वाट बघत बसतो.

एक बास्केट, तीन टी

आता मुद्द्याचं बोलू. वेगवेगळ्या ताकदीची माणसं एकाच वेळी, एकाच खेळात कशी रमतील?

पीडीजीएच्या पद्धतीत खेळाडूंच्या पातळ्यांना रंग दिलेले असतात. हिरवा, लाल, पांढरा, निळा, सोनेरी. नवख्यांसाठी हिरवा, अव्वल खेळाडूंसाठी सोनेरी. आपल्याला पाचही रंग नकोत. रामटेकला येणाऱ्या कुटुंबासाठी तीन पुरे. अंतरं मात्र मी आपल्या लोकांचा हात धरून आणखी कमी केली आहेत.

हिरवा टी : बास्केटपासून १२ ते २० मीटर. आजी-आजोबा आणि सात-आठ वर्षांपर्यंतची मुलं.

लाल टी : ३० ते ३५ मीटर. पहिल्यांदाच हातात चकती घेतलेली मोठी माणसं, दहा वर्षांच्या पुढची मुलं.

पांढरा टी : ५० ते ६५ मीटर. कॉलेजची पोरं आणि दुसऱ्या-तिसऱ्यांदा आलेले.

बास्केट सगळ्यांची एकच. ज्याने त्याने आपल्या रंगाच्या टीवरून सुरुवात करायची आणि प्रत्येकाचं लक्ष्य तीन फेकी. गंमत अशी, की आजीने हिरव्यावरून तीन फेकींत पाडली आणि नातवाने पांढऱ्यावरून चार घेतल्या, तर आजी जिंकली. खरोखर जिंकली, कुणी मुद्दाम जिंकवली नाही. तो नातू पुढच्या वेळी आजीला घेऊन परत येणार की नाही?

बोर्डावर मात्र "लहान मुले", "महिला", "ज्येष्ठ" असं लिहू नका. फक्त रंग लिहा. बाईने पांढऱ्यावरून फेकायचं ठरवलं तर तिला कुणी अडवायचं नाही, आणि एखाद्या पहिलवान काकांना हिरव्यावरून फेकायचं असेल तर त्यांना लाज वाटायला नको.

चकती कोणती द्यायची?

इथे बरेच जण फसतील, म्हणून नीट वाचा. चकत्यांचे मुख्य तीन प्रकार. पटर, मिडरेंज आणि ड्रायव्हर. पटर जाड कडेची, हळू आणि सरळ जाणारी. ड्रायव्हर पातळ, धारदार कडेची, लांब जाणारी. दुकानदार तुम्हाला ड्रायव्हर दाखवेल, कारण ती "प्रोफेशनल" दिसते. पण नवख्याच्या हातात ती सरळ जातच नाही, झपकन एका बाजूला वळून खाली येते. आणि कुणाला लागली तर जखम करते. भाड्याने द्यायला फक्त पटर आणि मिडरेंज ठेवा, त्याही वजनाने हलक्या, साधारण १५० ग्रॅमच्या. रंग भडक घ्या. केशरी, गुलाबी. हिरव्या चकत्या गवतात शोधताना तुमचा अर्धा दिवस जाईल.

सहा होलचा कोर्स तीन एकरांत

मोठा कोर्स अठरा होलचा असतो. तुम्ही त्या फंदात पडू नका. लहान अंतराच्या होलला साधारण अर्धा एकर धरा. सहा होलला तीन एकर. नवख्या कुटुंबाला सहा होल खेळायला पाऊण ते एक तास लागतो, आणि रामटेकला फिरायला आलेल्या माणसाकडे तेवढाच वेळ असतो.

मांडणी अशी करा.

पहिला होल एकदम मोकळा आणि सोपा. समोर एकही झाड नको. पहिल्याच फेकीला चकती झाडात अडकली की माणूस मनातून हरतो.

दुसऱ्या होलला वाटेत एकच झाड. आंबा असेल, कडुनिंब असेल, असेल ते. डावीकडून जायचं की उजवीकडून, एवढाच प्रश्न.

तिसरा होल धुऱ्याचा. आपल्याकडे धानाच्या बांध्या असतात, त्यांचे धुरे पाडू नका. बास्केट धुऱ्याच्या पलीकडे ठेवा. फुकटात अडथळा तयार!

चौथा सावलीचा. इथे बाक, पाण्याचा माठ आणि तुमचं खाण्याचं टेबल. माणसं इथे थांबली पाहिजेत.

पाचवा सगळ्यात लांब. ज्याला हात दाखवायचाय त्याने इथे दाखवावा.

सहावा पुन्हा सोपा आणि गेटजवळ. शेवटची साखळी खणकली पाहिजे. तो आवाज कानात घेऊन जाणारा माणूस परत येतो.

बास्केटची कड जमिनीपासून साधारण ८२ सेंटीमीटर उंच असते. आजीच्याही हाताला येते, पोराच्याही. जीआय पाईप आणि साखळी घेऊन तुमच्या ओळखीचा वेल्डर ती बनवू शकेल. एक बनवून घ्या, शंभर फेकी मारून बघा, मगच उरलेल्या पाचांची ऑर्डर द्या.

सुरक्षितता : यात काटकसर नाही

एका होलच्या फेकीची दिशा दुसऱ्या होलच्या टीकडे नको. पायवाट, पार्किंग, रस्ता फेकीच्या रेषेत अजिबात नको. पुढचा ग्रुप बास्केट सोडून बाजूला झाल्याशिवाय मागच्याने फेकायचं नाही, हा नियम प्रत्येक टीवर मोठ्या अक्षरांत लिहा. हिरव्या टीवरचा माणूस फेकत असेल तेव्हा पांढऱ्यावरच्याने थांबायचं, आणि पांढऱ्यावरचा फेकताना हिरव्यावर कुणी नको. आधी लांबचा, मग जवळचा, असाच क्रम. लांबवरून फेकणाऱ्यांचं झालं की मगच पुढच्यांनी जागेवर यायचं. चकती भरकटली तर "सांभाळा!" म्हणून ओरडायचं, हे आत येतानाच शिकवा.

तलावाच्या काठाची जागा मिळत असेल तर मोह होईल. पण बहुतेक गोल्फ डिस्क पाण्यात बुडतात, आणि तिच्यामागे पोरगं पाण्यात उतरू शकतं. पाण्याकडे तोंड करून एकही होल नको.

आणि माकडं! गडावर प्रसादाची पिशवी कशी जाते हे रामटेककरांना सांगायला नको. खाण्याचं टेबल एकाच ठिकाणी, कचरापेटी झाकणाची, आणि मैदानात खाऊ नेणं बंद.

हंगाम आणि गिऱ्हाईक

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दुपारी मैदानात कोण येणार? पावसाळ्यात काळी माती बुटाला किलो-किलोने चिकटते. म्हणून खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे साधारण २६ आठवडे. उन्हाळ्यात फक्त सकाळी, तेही जमलं तर. शेतकरी मित्रांनो, तुमच्यासाठी यात एक सोय आहे. खरिपाचं धान निघाल्यावर जी जमीन तुम्ही रिकामी ठेवता, तिच्यावर बास्केट उभ्या राहू शकतात. धसकटं नीट काढून घ्या, पायात घुसतात. मात्र धान निघेपर्यंत ऑक्टोबर-नोव्हेंबरचे काही आठवडे हातचे जातील, हे लक्षात ठेवा.

गिऱ्हाईक कुठून येणार? नागपूर साधारण ५० किलोमीटर. गडमंदिर, कालिदास स्मारक, खिंडसी, नगरधनचा किल्ला, मनसरचं उत्खनन, आणि पुढे पेंचला जाणारी वाहतूक. माणसं आणायची गरज नाही, ती येतातच. तुम्हाला फक्त त्यांचा एक तास हवाय. त्रिपुरी पौर्णिमेला आणि रामनवमीला गर्दी प्रचंड असते, पण तिच्यावर हिशेब बांधू नका. यात्रेतला माणूस दर्शनाला आलेला असतो. तुमचा माणूस रविवारचा.

आता हिशेब

खालचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर विचारून स्वतःचे आकडे घाला. जमीन स्वतःची आहे असं धरलंय, आणि पूर्ण २६ आठवडे मैदान मोकळं मिळेल असंही.

सुरुवातीचा खर्च : सहा बास्केट प्रत्येकी ७,००० म्हणजे ४२,०००. तीस चकत्या प्रत्येकी ९०० म्हणजे २७,०००. टी आणि बोर्ड २०,०००. सावली, बाक, पाणी आणि स्वच्छतागृह ८०,०००. कुंपण आणि झाडं १५,०००. एकूण १,८४,००० रुपये.

हंगामाचा खर्च : एक कायम माणूस महिना १३,००० प्रमाणे सहा महिने, ७८,०००. शनिवार-रविवारचा जादा माणूस रोज ५०० प्रमाणे, २६,०००. मैदानाची देखभाल १८,०००. हरवलेल्या-तुटलेल्या चकत्या १०,०००. विमा, वीज, जाहिरात १५,०००. एकूण १,४७,०००.

उत्पन्न : आठवड्याला १०० माणसं धरा. शनिवार-रविवार मिळून ७०, बाकी पाच दिवसांत ३०. सरासरी तिकीट ६० रुपये, चकतीसह. आठवड्याला ६,०००, हंगामाला १,५६,०००. पोहे-चहा-रसावर माणशी २० रुपये सुटले तर ५२,०००. शाळांच्या दहा सहली, प्रत्येकी ६० मुलं, ४० रुपये तिकीट, म्हणजे २४,०००. एकूण २,३२,०००.

शिल्लक ८५,००० रुपये. म्हणजे गुंतवणूक निघायला दोन हंगामांपेक्षा थोडा जास्त वेळ. "महिन्याला लाखो कमवा" असं मी कधीच सांगत नाही, आजही सांगणार नाही. हा शेतीला जोडधंदा आहे. जमीन वर्षाला ६०,००० भाड्याने घेतली, तर हातात उरतात फक्त २५,०००. मग करू नका.

आता सुरुवातीच्या त्या कुटुंबाकडे परत या. समजा तुम्ही तीन टीच्या जागी एकच लांब टी ठेवला. पाचातले दोनच खेळले, तीन बसून राहिले. आठवड्याला १०० माणसं आली तरी तिकिटं फाटली ४०. तिकिटाचं हंगामी उत्पन्न १,५६,००० वरून ६२,४०० वर आलं. खाणं आणि सहली तेवढ्याच धरल्या तरी एकूण १,३८,४००. खर्च तोच, १,४७,०००. म्हणजे ८,६०० रुपये तोटा!

मैदान तेच, बास्केट त्याच, माणसंही तेवढीच. फरक फक्त बारा जादा टींचा, म्हणजे बारा रंगवलेल्या फरशांचा. धंदा तिथे ठरतो.

अजून एक गोष्ट. परदेशात बरेचसे कोर्स सार्वजनिक बागांमध्ये असतात आणि खेळायला फुकट असतात. अमेरिकेतल्या तुमच्या नातेवाइकांनी "अरे, इथे तर पैसे लागत नाहीत" म्हटलं तर गोंधळू नका. तिथे जागा सरकारी असते. तुम्ही पैसे घेता ते सावली, स्वच्छ स्वच्छतागृह, शिकवणारा माणूस आणि सुरक्षित मैदान यांचे. यातलं एक जरी कमी पडलं तरी साठ रुपये महाग वाटतील.

कागदपत्रं थोडक्यात

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, ती आधी बघा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. खाणं विकणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. जमिनीच्या वापराबद्दल तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत लेखी विचारा. आणि रामटेकसाठी खास सूचना. इथे वाकाटक काळातली संरक्षित मंदिरं आहेत. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. वनजमिनीच्या वाटेला तर जाऊच नका.

तुमचं या महिन्याचं काम

१,८४,००० खर्च करण्याआधी पाच हजारांत परीक्षा घ्या. तीन रिकामे ड्रम, सहा साध्या फ्रिस्बी, चुन्याने आखलेले तीन-तीन टी. सलग दोन रविवार, ओळखीच्या दहा कुटुंबांना बोलवा. पैसे घेऊ नका. तुम्ही फक्त बाजूला उभे राहून वहीत दोन गोष्टी लिहा.

एक, प्रत्येक कुटुंबातले किती जण खेळलेच नाहीत?

दोन, किती कुटुंबांनी न सांगता दुसरा राउंड सुरू केला?

बसून राहिलेल्या माणसाजवळ जा आणि विचारा, "काकू, का नाही खेळलात?" उन्हामुळे, साडीमुळे, गुडघ्यामुळे, की कुणी बोलावलंच नाही म्हणून? ते उत्तर म्हणजे तुमचा खरा मार्केट रिसर्च. गुडघा असेल तर हिरव्या टीवर खुर्ची ठेवा आणि चकती उचलून आणायला पोरगं ठेवा. ऊन असेल तर वेळ बदला. बोलावलं नाही म्हणून असेल, तर चूक तुमची.

दहातल्या सहा-सात कुटुंबांनी आपणहून दुसरा राउंड खेळला, तर वेल्डरकडे जा. नाही खेळला, तर ड्रम पाणी भरायला कामाला येतील आणि पाच हजारांत तुम्ही दोन लाख वाचवले. दोन्हीकडून फायदाच.

वहीतले आकडे घेऊन पुढच्या व्हिडिओला या. तुमच्या आकड्यांवरच बोलू.

भेटू लवकरच. तोपर्यंत हिशेब लिहीत रहा.